रेतीतलं गोड पाणी

पाण्याला चव असते हे मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. माझं माहेर सोनाळ्याचं, डोंगराच्या पायथ्याशी. विहिरीत बादली सोडायची, ओढायची, तांब्या तोंडाला लावायचा. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथे नद्या शिकले, पावसाळा शिकले, पण पाण्याबद्दल माझ्या मनात एकदाही विचार आला असेल असं वाटत नाही. श्वास घेताना आपण हवेचा विचार करतो का? तसंच ते.

नवं राज्य झालं त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या साली माझं लग्न झालं आणि मी खाऱ्या पाण्याच्या गावात आले. वरवट बकालच्या खाली दोन-अडीच कोसांवर आमचं गाव. जमीन काळी, कापूस नि ज्वारी बघत राहावी अशी, पण विहिरीचं पाणी खारट. उंबरठा ओलांडून आत आल्यावर मला पहिला तांब्या दिला, तेव्हा वाटलं की कुणी नव्या नवरीची थट्टा करतंय. पदराआडून पाहिलं तर कुणीच हसत नव्हतं. सगळे तेच पाणी पीत होते. मीही गिळलं.

मी मुळात बुजरी. कुणी नाव विचारलं तरी माझे कान तापायचे. त्यात सासरी सुनेने सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही अशी रीत होती. काही सांगायचं झालं तर ते सासूबाईंना सांगायचं, नाहीतर नणंदेला, म्हणजे ते पुढे पोचायचं. मला ती रीत सोयीचीच वाटली. बोलावंच लागू नये, याहून चांगलं काय?

विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. चुलीवर तीन तास डाळ नाचत राहते आणि दाणा दाण्यापासून सुटा तो सुटाच. म्हणून आमच्याकडे दोन पाणी. पिण्यावापरण्याचं विहिरीचं, त्याची सगळ्यांना सवय झालेली. आणि डाळीचं पाणी झिऱ्याचं. गावाखालून नाला जातो. होळी झाली की त्याचं वरचं पाणी आटतं आणि रेती उघडी पडते. त्या रेतीत हातभर खड्डा केला की तळाशी गोड पाणी पाझरून जमतं, त्याला झिरा म्हणायचं. प्रत्येक गल्लीचा झिरा ठरलेला. आमचा उंबराजवळच्या वळणावर होता. आमच्या गल्लीतल्या आठ घरांची डाळ त्या एका खड्ड्यावर शिजायची.

तो झिरा म्हणजे माझ्या जिवाचा छळ होता. पाणी यायचं बोटभर. त्यात वाटी बुडायची नाही. आडवी करून घासली की तळ ढवळायचा आणि पाणी गढूळ व्हायचं. मग थांबा. निवळलं की परत एक वाटी. एका हंड्याला तास जायचा, पाय मुंग्या येऊन दगड व्हायचे, मागे बायका रांग धरून उभ्या. त्यातली एक रोज म्हणायची, "सोनाळेवाली, मोती येचून राह्यली काय वो?" बाकीच्या हसायच्या. मला रडू यायचं, पण रडण्यापेक्षा राग जास्त यायचा. राग त्या बाईचा नव्हता. पाण्याचाच राग यायचा मला. वाटायचं, हे मुद्दाम येत नाही.

आमच्या माहेरी वैशाखात विहीर खाली गेली की वडील नि काका आत उतरायचे, गाळ काढायचे, अजून दोन हात खोल करायचे आणि दुसऱ्या दिवशी पाणी दुप्पट. एवढं सोपं या लोकांना कसं सुचत नाही, असं माझ्या डोक्यात घोळायला लागलं. चैत्रात एके दिवशी मी सगळ्यांच्या आधी नाल्यावर गेले, पदराखाली खुरपं लपवून. झिऱ्यात गुडघे टेकले आणि खणत सुटले. रेती संपली, खाली काळी चिकट माती लागली. तीही फोडली. आणि काय सांगू, खालून पाणी उसळलंच! मनगटापर्यंत आलं, कोपरापर्यंत आलं. मी दोन हंडे भरले तेव्हा उजाडत होतं. बायका आल्या तर झिरा काठोकाठ. रोज टोमणा मारणारी बाई खाली वाकून पाहतच राहिली आणि म्हणाली, "हिच्या हाताले पानी लागते बाप्पा." त्या गावात माझं झालेलं ते पहिलं कौतुक. घरी येताना डोक्यावर दोन हंडे होते, पण मला ते पिसासारखे वाटले.

त्या दिवशी डाळ जरा उशिरा शिजली. कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शिजलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी झिऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकलं. विहिरीसारखंच खारट.

मी काय केलं होतं ते रेतीत दिसतच होतं, काळ्या मातीचा ढीग बाजूला तसाच पडलेला. आठ घरांच्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. सासूबाई त्यांच्यासमोर काही बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी हंडा अंगणात ओतला नि म्हणाल्या, सड्याला झालं. मग खाली बसल्या आणि त्यांचा आवाज फाटला.

"चार दिसानं पाहुणे येऊन राह्यले. पुरन कायच्यात शिजवू मी? तुह्या डोयातल्या पान्यात? थे बी खारंच हाय."

पाहुणे येणार होते माझ्या नणंदेला पाहायला, पिंपळगाव राजाहून. माझ्यापेक्षा ती वर्षाने लहान, आणि त्या घरात माझ्याशी मोकळेपणाने बोलणारी एकटीच. याआधी दोन ठिकाणचे लोक येऊन गेले होते आणि त्यांचा निरोप आला नव्हता. सासूबाईंची एकच इच्छा होती, आपली लेक गोड्या पाण्याच्या गावात पडावी. त्यांचा सगळा जन्म या पाण्यात गेला होता. पिंपळगावचं घर भाजीपाल्याचं, पाण्याचं. आणि पाहायला आलेल्या पाहुण्यांना पुरणपोळी घालायची, हे त्या काळी ठरलेलंच. कचकचीत पुरण पानात वाढलं की त्या घरच्या बाईला काही येत नाही, असा अर्थ व्हायचा. सोडा टाकावा तर पुरण काळं पडतं नि वास मारतं. दुसऱ्या गल्लीकडे पाणी मागणं सासूबाईंना मरणाहून वाईट. वरवटहून आणावं तर आमच्या एका बैलाचा खांदा सुजलेला. शेजाऱ्याची गाडी मिळणार होती ती पाहुण्यांना एस.टी.वरून आणायला, तीही त्याच दिवशी सकाळी.

म्हणजे माझ्या खुरप्याने नणंदेचं लग्न मुळासकट खणून टाकलं होतं. दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली की जाऊ दे वहिनी, मला नाही जायचं कुठे. ती खोटं बोलत होती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी नाल्यावर गेले. फोडलेला झिरा बुजवला, शेजारी दुसरा खणला. खारट. पुढे तिसरा. खारट. चौथ्यात पाणीच नाही. एवढं चाखलं की जीभ बधिर झाली. पण खरं सांगते, त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा नाला दिसला. लग्न झाल्यापासून रोज तिथे जात होते, आणि पाहिला नव्हता. त्या दिवशी कळलं की रेती सगळीकडे सारखी नसते. कुठे जाड, कुठे पिठासारखी. मी काढलेली रेती जिथे वाळली होती तिथे काही ढिगांवर पांढरी बुरशी यावी तशी खाराची कड धरली होती, काहींवर नव्हती. मी एकेका ढिगावर बोट फिरवून जिभेला लावत बसले. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, सोनाळेवालीला लागीर झालं.

दुसऱ्या दिवशी मी नाल्याने खाली चालत गेले. वळण ओलांडून पुढे बौद्ध वस्तीचा झिरा होता. त्या लोकांनी दीक्षा घेऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण आमच्या गल्लीच्या लेखी वस्ती तीच होती आणि झिराही वेगळाच राहिला होता. आमच्यातलं कुणी तिकडचं पाणी घेत नसे आणि त्यांना आमच्याकडे येऊ देत नसत. तिथे सासूबाईंच्या वयाची एक बाई नारळाच्या करवंटीने पाणी भरत होती. मी दहा पावलांवर उभी राहिले. शेवटी तीच बोलली.

"तू सोनाळेवाली ना? झिरा फोडला थे?"

मी मान हलवली. गावभर झालं होतं तर.

"खोल गेली. वर गोड असते नं खाली खारं. दुधावर साय असते तसं. साय काढाची त चमचा उभा घालतेस का आडवा?"

मी अशी दचकले की जणू कुणी पाठीत थाप मारली. साय! मला एकदम सगळं दिसलं. रेतीत साचलेलं पावसाचं गोड पाणी, त्याखाली काळी माती, त्याच्याखाली खारं. मी साय फोडून खालपर्यंत गेले होते, आणि खारं वर आलं होतं. लाज, राग सगळं कुठल्या कुठे गेलं. मला एवढे प्रश्न सुचले की मी बोलायलाच लागले. कुठे खणायचं, किती खणायचं, कसं ओळखायचं. ती हसली. तिने मला तिचा झिरा दाखवला. तो खड्डा नव्हताच, परातीसारखा रुंद नि उथळ होता. रेती हाताने काढायची, लोखंड लावायचं नाही. रेती काळसर लागली की थांबायचं. पूर वळणाच्या आतल्या अंगाला जाड रेती टाकून जातो, तिथे बघायचं. रेती जिभेवर धरायची.

हे सगळं आमच्या गल्लीला कसं ठाऊक नाही, असं मी विचारलं.

"तुमच्याकडं रेती गंज, ढीगभर. कुठीबी खंदलं त गोड लागे. आमच्या वाट्याले चार बोटं आली. मंग शिकाच लागते, बाई."

तिने करवंटी भरली नि माझ्याकडे पाहिलं. "पेशीन का? का तुह्या घरी चालत नाई?"

मी ओंजळ पुढे केली. तिने वरून पाणी ओतलं. त्या पाण्याला काहीच चव नव्हती. काहीच नाही! ते माहेरचं पाणी होतं. मी तिथे उभ्या उभ्या दुसरी ओंजळ मागितली, तिसरी मागितली. सोळा वर्षं मी हे प्याले होते आणि ते गोड आहे हे मला त्या क्षणी कळलं. खाऱ्याने तोंड भाजल्याशिवाय ते कळणारच नव्हतं. तिच्या वाट्याला चार बोटं रेती आली म्हणून तिला नाला वाचता यायला लागला, आणि माझी डाळ शिजली नाही म्हणून मी तो वाचायला बसले. चौथीच्या पुस्तकात मला एवढं एका दिवसात कधी कळलं नव्हतं.

तिसरा दिवस मी गुडघ्यांवर काढला. जुन्या झिऱ्यापासून तीसेक पावलांवर, वळणाच्या आतल्या अंगाला, जाड रेतीचा एक पट्टा होता. जिभेवर धरली तर नुसती रेती लागली, खार नाही. दोन्ही हातांनी मी परात काढली. वीतभर खाली गेल्यावर रेती ओली झाली, मग चमकली, मग दोन बोटं पाणी जमलं. मला चाखायचा धीर होईना. पदराला साबणाचा तुकडा बांधून आणला होता, तो चोळला. विहिरीच्या पाण्यात साबण नुसता निसटतो. इथे फेस आला. पांढरा, मोठा मोठा. मी त्या फेसाचे हात घेऊन रेतीत बसले नि एकटीच हसत राहिले.

नणंदेला ओढत आणलं. तिने चाखलं आणि लगेच दुसरी ओंजळ भरली. मग आम्ही दोघी वाटी घेऊन बसलो. पाणी अगदी हळू यायचं, एका हंड्याला दोन तास. पंधरा माणसांच्या पुरणाला नि वरणाला तीन हंडे तरी हवे होते.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी एक हंडा भरला होता. तो घेऊन नणंद घरी गेली आणि मी एकटी बसले होते, तेव्हा काठावरून माणसांचा आवाज आला. सासरे नि धाकटे दीर, खांद्यावर सबल, म्हणजे लोखंडी पहार, नि फावडं. सासूबाईंनी सांगितलं होतं की पाणी सापडलं पण फार हळू येतं, म्हणून ते झिरा मोठा करायला आले होते. चांगल्या मनाने आले होते. मी उठून डोक्यावरचा पदर ओढला आणि बाजूला झाले. सासऱ्यांनी जागा पाहिली, धोतर खोचलं आणि सबल उचलली.

माझ्याऐवजी नणंद बोलली असती, पण ती नव्हती. सासूबाई नव्हत्या, नवरा शेतावर होता. मी दिरांकडे पाहिलं, ते फावड्याचा दांडा ठोकत होते. मग काय झालं मला माहीत नाही, मी पुढे गेले आणि झिऱ्यात जाऊन बसले. सरळ त्या दोन बोटं पाण्यात, लुगड्यासकट.

"मामंजी, खोल नका खंदू. खाली खारं हाय."

सबल वरच्या वर थांबली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, रीतच नव्हती. ते दिरांना म्हणाले, "थे काय म्हन्ते?" ऐकलं होतं त्यांनी, दोन हातांवर तर उभे होते. दिरांनी माझं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हटलं.

"तिले कोनं सांगतलं?"

दीर माझ्याकडे वळले. मी थांबले नाही, मीच बोलले. "खालच्या वस्तीतल्या बाईनं. तिच्या हातचं पानी बी पेली मी."

त्या दुसऱ्या वाक्याची गरज नव्हती. पण पहिलं बाहेर पडलं तसं ते आपोआप मागून आलं. दिरांनी मान खाली घातली. सासरे नाल्याच्या खालच्या अंगाला पाहत राहिले. मग त्यांनी सबल काठावर आडवी ठेवली.

"हातानं काढू," ते दिरांना म्हणाले. "तिले इचार, किती."

एक वीत, मी सांगितलं. दिरांनी तेही परत म्हटलं. अशा रीतीने मी बोलत गेले, दीर म्हणत गेले, आणि त्या दोघांनी ओंजळीने रेती काढून शेजारी आणखी दोन उथळ पराती केल्या. रेती काळी दिसली की मी "बस" म्हणायची, मग दीर "बस" म्हणायचे. शेवटी शेवटी सासरे माझ्याच शब्दावर थांबायला लागले. मी पाणी प्याले त्याबद्दल ते तेव्हा काही बोलले नाहीत, पुढेही कधी नाही. मी वाट पाहिली होती. ते आता नाहीत, आणि त्यांच्या मनात काय आलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तीन झिऱ्यांवर संध्याकाळपर्यंत तीन हंडे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर हरभऱ्याची डाळ चढली. मी नि सासूबाई समोरासमोर बसलो, मध्ये पातेलं. फेस वर आला, त्यांनी काढला. घटकाभराने त्यांनी पळीवर एक दाणा घेतला, फुंकला, दोन बोटांत धरला. आमच्या गावात त्या बोटांनी दाणा दाबायच्या आधी प्रत्येक बाईचा श्वास थांबतो. दाण्याचं लोणी झालं. सासूबाईंनी दुसरा दाबला, तिसरा दाबला, जणू पहिल्यावर भरवसा नव्हता, आणि मग बोटं माझ्यापुढे धरली. बघ म्हणून.

पाहुणे आले, बसले, जेवले. मी दाराआड होते. पुरणपोळ्या जात होत्या, परत मागवल्या जात होत्या, आणि प्रत्येक पोळीला माझी छाती फुगत होती. आणि तेवढ्यात आमच्या हातून झालेली चूक आम्हाला दिसली. मुलाच्या आजीने पानाजवळचा पेला उचलला. तिन्ही हंडे आम्ही पुरणावर नि वरणावर संपवले होते. पिण्याचं पाणी विहिरीचं ठेवलं होतं, नेहमीसारखं. आम्हाला त्यात काही वाटतच नव्हतं, माझ्याही जिभेला दोन महिन्यांत त्याची सवय झाली होती.

आजीबाईंनी घोट घेतला आणि तो तोंडातच धरला. गाल फुगलेले, डोळे आमच्या भिंतीवर. सासूबाई जागच्या जागी पांढऱ्या पडल्या. आजीबाईंनी घोट गिळला, पेला खाली ठेवला, पानातल्या पुरणाकडे पाहिलं.

"या पान्यात हे पुरन?"

खाली मान घालून बसलेल्या नणंदेने मान वर केली.

"त्यात नाई, आजीबाई. नाल्याच्या रेतीत गोड पानी हाय, थे माह्या वहिनीनं हुडकलं."

"मंग तुले काय येते?"

"एका हंड्याले दोन घंटे लागते," नणंद म्हणाली. "मले बसता येते."

आजीबाईंचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि त्या एवढ्या हसल्या की ठसका लागून त्यांना तेच खारं पाणी परत प्यावं लागलं. डोळे पुसत त्या लेकाला, म्हणजे मुलाच्या वडिलांना म्हणाल्या, "पाह्यत काय बसला? हिले आपल्या घरी काईच जड जानार नाई. सुपारी काढ."

सुपारी फुटली म्हणजे आता चहा करणं आलं. आणि विहिरीच्या पाण्यात दूध फुटतं. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि मी हंडा नि वाटी उचलून मागच्या दाराने पळत सुटले. भर दुपार होती, रेती पाय भाजत होती. तिन्ही पराती भरलेल्या होत्या, पाण्यात आभाळ उतरलेलं. वाटी आडवी धरली आणि वरच्यावर पाणी काढायला लागले.